मनोरा आणि ओसरी

आपल्याकडे टीका होते ती कवितेवर, कादंबरीवर, नाटकावर. फार तर एखाद्या चित्रावर किंवा गाण्याच्या मैफलीवर. इमारतीवर टीका लिहावी असे मराठी टीकाकाराच्या सहसा मनात येत नाही. रस्त्याने जाता जाता ‘काय ठोकळा उभा केला आहे!’ एवढा उद्गार काढला की आपले वास्तुविषयक समीक्षण संपले. वास्तविक न आवडलेली कादंबरी मिटून ठेवता येते, कंटाळवाण्या नाटकातून मध्यंतरात उठून घरी येता येते. न जमलेल्या घरात मात्र माणसाला जन्म काढावा लागतो, आणि त्याच्यामागून त्याच्या मुलांना. ज्या कलाकृतीतून उठून जाण्याची सोय नाही तिच्याविषयी आपण सर्वांत कमी बोलावे, हे मला नेहमीच चमत्कारिक वाटत आले आहे.

हा विषय आज काढण्याला निमित्त आहे. मुंबईत वरळीच्या बी. डी. डी. चाळींच्या जागी चाळीस मजली इमारती उभ्या राहिल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांतली पहिली ५५६ घरे जुन्या रहिवाशांच्या हाती आली. किल्ल्या घेणाऱ्या कुटुंबांच्या आनंदाची वर्णने मी वर्तमानपत्रांतून वाचली आणि त्या आनंदात मनाने सहभागीही झाले. मजले किती, चौरस फूट किती, खर्च किती, श्रेय कोणाचे, हे सगळे त्यांत होते. पण इमारत ‘कशी आहे’, तिचा आराखडा माणसांना कसे वागवणार आहे, याविषयी एक ओळही मला आढळली नाही. ती ओळ लिहिण्याचा हा प्रयत्न आहे. दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या बाईने मुंबईच्या मनोऱ्यांची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मी शेवटी देणार आहे.

अशा इमारतींना हल्ली ‘मिश्र उपयोगाची निवासी इमारत’ म्हणतात. खाली दुकाने, त्यांच्यावर कचेऱ्या किंवा दवाखाने, त्यांच्यावर घरे. जुनी, मोडकळीला आलेली वस्ती पाडायची आणि तिच्या जागी असा मनोरा उभारून शहराचा जीर्णोद्धार करायचा, अशी ही कल्पना. नाव नवे असले तरी वस्तू नवी नाही. आमच्या दारव्ह्याच्या जुन्या बाजारओळीतले एखादे घर घ्या. रस्त्याला लागून दुकान, दुकानाला ओटा. मागे बैठक, मग ओसरी, चौक, स्वैपाकघर, अगदी मागे न्हाणी आणि विहीर. वर माडी, तिच्यात कापसाच्या हंगामात आलेली पाहुणेमंडळी. याच वऱ्हाडातला कापूस विलायतेच्या गिरण्यांकडे नेण्यासाठी मूर्तिजापूरहून यवतमाळकडे अरुंद रुळांची गाडी निघाली आणि दारव्हा-मोतीबाग हे तिचे स्थानक झाले. ती शकुंतला आज धावत नाही. पण तिने आणलेल्या व्यापारावर उभी राहिलेली घरे अजून कुठे कुठे तग धरून आहेत. त्यांत संसार आणि धंदा एकाच छपराखाली नांदत होता. मिश्र उपयोग म्हणतात तो हाच.

या घरांत मला महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. रस्त्यावरचा माणूस एकदम माजघरात येत नसे. तो ओट्यावर टेकत असे. ओळख असली तर बैठकीत, घरोबा असला तर ओसरीपर्यंत. ओसरीला आमच्याकडे सपरी म्हणणारीही घरे आहेत. तिच्यात बंगई टांगलेली असते. बंगईवर बसलेल्या आजीला रस्ता दिसतो आणि चूलही दिसते. बाहेर आणि आत यांच्यामध्ये अशा चारपाच पायऱ्या होत्या, आणि कोणत्या पायरीपर्यंत कोणी यावे हे न बोलता ठरलेले असे. हे ठरणे नेहमीच न्यायाचे होते असे नाही. काही माणसांना ओट्याच्याही खाली उभे ठेवणारी ही व्यवस्था होती, आणि तिची ती बाजू विसरून तिचे गोडवे गाणाऱ्यांत मी नाही. पण घर आणि जग यांच्यामध्ये मुक्कामाची एक जागा असावी, ही गरज मात्र खरी होती. इमारतीची परीक्षा करताना मी निकष धरते तो हा: रस्त्यापासून माझ्या अंथरुणापर्यंत किती पायऱ्या आहेत, आणि त्यांतल्या कोणत्या पायरीवर मला क्षणभर थांबता येते?

आता चाळीकडे वळू. मराठी वाचकाच्या मनात ‘चाळ’ म्हटले की एक ठरलेले चित्र उभे राहते: लांबलचक गॅलरी, कठड्यावर वाळणारी लुगडी, दारोदार फिरणारी फराळाची ताटे. १९५८ साली ‘बटाट्याची चाळ’ आली आणि हे चित्र महाराष्ट्राच्या घरोघरी पोचले. ज्यांनी जन्मात चाळ पाहिली नव्हती त्यांनाही चाळीची आठवण येऊ लागली! बी. डी. डी. चाळी मात्र या चित्रात नीट बसत नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या अमदानीत सरकारचे ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ स्थापन झाले. कामगारांसाठी त्याने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, परळचा डिलाईल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. एकट्या वरळीत त्यांतल्या १२१. तळमजला आणि वर तीन मजले. एका चाळीत ऐंशी खोल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. मध्ये बोळ आणि दोन्ही अंगांना खोल्या. संडास मजल्याचा सामाईक. सिमेंट काँक्रीटच्या या ओळी पाहून कामगार हरखून गेले नाहीत. पुष्कळ खोल्या आरंभी रिकाम्याच राहिल्या, आणि सविनय कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या चाळींचा सरकारने तुरुंगासारखा उपयोग केला. जी इमारत घर म्हणून बांधली ती तुरुंग म्हणूनही सहज चालली, यात तिच्या आराखड्यावरचे सगळे भाष्य येऊन जाते.

आणि तरीही त्या बोळांतून माणसांनी वस्ती घडवली. कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून आलेल्या गिरणीकामगारांनी तिथे व्यायामशाळा काढल्या, भजनी मंडळे काढली, जयंत्या आणि गणेशोत्सव साजरे केले. वरळीच्या जांबोरी मैदानात दहीहंड्या फुटल्या. मधल्या अंधाऱ्या बोळाला त्यांनी ओसरीचे काम करायला लावले. आराखड्यात नव्हते ते रहिवाशांनी स्वतःच्या जिवावर निर्माण केले. मला वाटते, चाळीविषयी जे गोड बोलले जाते त्याचे श्रेय बांधणाराला नाही, राहणाऱ्याला आहे. हा भेद ध्यानात ठेवला नाही, तर चाळ पाडली म्हणजे माणुसकी पाडली असे रडगाणे सुरू होते.

हे रडगाणे आपल्या वाङ्मयाने पुष्कळ गायिले आहे. वाडा गेला, चाळ गेली, आता चार भिंतींचा ब्लॉक आला आणि माणसे परकी झाली, या सुरातल्या कथा आपण वर्षानुवर्षे दिवाळी अंकांतून वाचत आहोत. चांगल्या लेखकाने हा सोपा सूर टाळला आहे. आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात, पारव्याला जन्मलेल्या महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली रंगभूमीवर आले. त्यातला वाडा ढासळतो. पण तो ढासळू नये असे नाटककार म्हणत नाही. वाड्याच्या मोठेपणापायी आतली माणसे, विशेषतः बायका, कशा झिजल्या हे तो दाखवतो. दारात पडून राहिलेला ट्रॅक्टर हा त्या घराचा खरा कुलदेव होऊन बसला आहे. जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये (१९९७) गिरणगावातल्या चाळीची खोली आहे, गिरणी बंद पडल्यावर त्या खोलीतली आपुलकी कोणालाही वाचवू शकत नाही. या दोन नाटकांनी वास्तूकडे जितक्या निर्भयपणे पाहिले, तितक्या निर्भयपणे आपण टीकालेखात पाहिले पाहिजे.

म्हणून मनोऱ्याचे जे देणे आहे ते आधी चुकते करते. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. स्वतःचा संडास, स्वतःचे न्हाणीघर, दोन खोल्यांना मध्ये दार. मजल्यावरच्या सामाईक संडासापुढे पहाटे बादली घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईला, आजारपणात आणि बाळंतपणात त्या बोळातून ये-जा करणाऱ्या बाईला, चाळीतल्या जिव्हाळ्याविषयी व्याख्यान देण्याचा अधिकार कोणालाही नाही. नवपरिणीत जोडप्याला रात्री गच्चीवर किंवा बोळात झोपायला पाठवणारी वास्तू कितीही आठवणीतली असली तरी ती चांगली वास्तू नव्हती. आणि मोडकी इमारत नुसती गैरसोयीची नसते. ती जीव घेते. ऑगस्ट २०१७ च्या अखेरीस मुंबईच्या भेंडीबाजारात एक जुनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. त्याच भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवरील सुमारे अडीचशे इमारती पाडून तीन हजारांहून अधिक कुटुंबांना आणि साडेबाराशे दुकानांना नव्या मनोऱ्यांत वसवण्याची योजना एका धर्मादाय विश्वस्त संस्थेने २००९ पासून हाती घेतली आहे. तेव्हा जुने पाडावे की नाही, हा आता वादाचा विषयच नाही. त्या जागी काय बांधावे, हा आहे.

मनोऱ्याची उंची कशी ठरते, ते पाहण्याजोगे आहे. आपल्याला वाटते, वास्तुविशारदाने आकाशाकडे पाहून रेघ ओढली असेल. तसे होत नाही. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधायचे हे ‘चटईक्षेत्र निर्देशांक’ ठरवतो. समजा, हजार चौरस मीटरांची जागा आहे आणि निर्देशांक तीन आहे. तर सगळे मजले मिळून तीन हजार चौरस मीटर बांधता येईल. जुन्या रहिवाशाला घर फुकट द्यायचे, तर त्याचा खर्च कोठून तरी यायला हवा. तो बाजारभावाने विकायच्या घरांतून येतो. म्हणून निर्देशांक वाढतो. म्हणून एकाच जागेचे दोन भाग पडतात, पुनर्वसनाचा आणि विक्रीचा. विक्रीच्या भागाला मोकळी जागा, वारा, देखावा जितका जास्त तितका भाव चढा. साहजिकच पुनर्वसनाच्या इमारती आपसांत जवळ येतात आणि उंच होतात. सांगण्याचे तात्पर्य, चाळीस मजले ही रसिकतेची निवड नसून हिशेबाचा निकाल आहे. वहीतली बेरीज उभी करून ठेवली की तिला आपण इमारत म्हणतो.

हिशेबातून जन्मलेल्या अशा मजल्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मध्ये लिफ्टा आणि जिने, त्यांच्याभोवती बोळ, बोळाला दोन्हीकडे दारे. बोळ जितका अरुंद तितके बांधकाम ‘कामी आले’. तिथे उजेड विजेचा. मुंबईत माझी एक मावसबहीण अशाच एका मनोऱ्यात बाविसाव्या मजल्यावर राहते. तिने दाराबाहेर एक खुर्ची ठेवली होती, सासूबाईंना संध्याकाळी बसायला. आठ दिवसांत सोसायटीची सूचना लागली: बोळात काहीही ठेवू नये. सूचना बरोबरच होती. आग लागली तर तोच बोळ पळण्याची वाट. तिथे खुर्ची, चपलांचा स्टँड, तुळशीची कुंडी, काहीही असता कामा नये. पण सासूबाईंची संध्याकाळही बरोबरच होती. कायदा आणि माणूस दोघेही बरोबर असून भांडण होत असेल, तर चूक आराखड्याची असते. चाळीतल्या बोळाला रहिवाशांनी ओसरी बनवले. मनोऱ्यातल्या बोळाला तसे बनवता येत नाही, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. म्हणजे पूर्वी जे माणसे आपापल्या हिकमतीने करीत होती, ते आता आरेखकालाच आधी करून ठेवावे लागणार. मनोऱ्याच्या वास्तुविशारदावरची ही जबाबदारी चाळ बांधणाऱ्या इंजिनियरावर नव्हती.

दुकानांचेही असेच आहे. नकाशावर तळाशी ‘वाणिज्य’ असा रंग भरला की मिश्र उपयोग झाला, अशी समजूत आहे. पण जुन्या रस्त्यावरची सगळी दुकाने नव्या तळमजल्यावर मावत नाहीत. मोटारींना आत जायला वाट लागते, अग्निशामक बंबाला वळायला जागा लागते. मग काही दुकाने पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर चढतात. कोणत्याही किराणेवाल्याला विचारा: गिऱ्हाईक ओट्यावरून हाक मारते, जिना चढून येत नाही. त्यातच रस्त्याच्या बाजूला मोटारी ठेवण्याचे मजले आले की चालणाऱ्याला दिसते ती नुसती भिंत. ज्या रस्त्यावर दुकानातला उजेड पडत नाही तो रस्ता संध्याकाळनंतर बायकांना आपला वाटत नाही. जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेने १९६१ साली आपल्या ग्रंथात हेच मांडले होते: रस्ता सुरक्षित ठेवतात ते दुकानदारांचे आणि खिडकीतल्या शेजाऱ्यांचे डोळे.

मग गॅलऱ्या दिल्या, मोकळ्या जागा दिल्या, म्हणजे झाले काय? इतके सोपे असते तर अमेरिकेतल्या सेंट लुई शहरातली प्रुइट-आयगो ही वसाहत आजही नांदती असती. १९५० च्या दशकाच्या मध्यावर तिथे गरिबांसाठी अकरा मजली तेहतीस इमारती बांधल्या. काही ठरावीक मजल्यांवरच लिफ्ट थांबे, आणि त्या मजल्यांवर रुंद गॅलऱ्या होत्या; तिथे शेजारी जमतील, मुले खेळतील, अशी वास्तुविशारदाची कल्पना. पण तळाशी दुकाने जवळपास नव्हतीच, देखभाल भाड्याच्या तुटपुंज्या उत्पन्नावर सोपवलेली, शहरातला रोजगार आटत चाललेला, काळ्या लोकांना वेगळे ठेवण्याची वृत्ती भोवती होतीच. गॅलऱ्या ओस पडल्या, मग धोक्याच्या झाल्या. १९७२ पासून सरकारनेच त्या इमारती पाडायला घेतल्या. तिथली ओसरी मेली, कारण तिच्यावरून कोणी कामासाठी जात नव्हते आणि तिची झाडलोट कोणाच्याच खर्चात धरलेली नव्हती.

उलट बाजूची उदाहरणेही आहेत. फ्रान्समधल्या मार्सेय येथे ल कॉर्ब्युझिएने महायुद्धानंतर, १९४७ ते १९५२ मध्ये, ३३७ घरांची एकच प्रचंड इमारत बांधली. इमारतीच्या मध्यावर, सातव्या-आठव्या मजल्यांवर, त्याने आतला रस्ता काढून दुकाने ठेवली. गच्चीवर बालवाडी आणि व्यायामाची जागा दिली. गच्ची गाजली आणि मुलांनी भरून गेली. आतल्या दुकानांना मात्र इमारतीतली दीडएक हजार माणसे पुरी पडेनात, कारण रस्त्यावरून जाणाऱ्याला ती दिसतच नव्हती. बाजार वर चढत नाही, मुले चढतात, एवढा धडा त्यातून घ्यावा. सिंगापूरच्या सरकारी गृहनिर्माण मंडळाने १९७० च्या सुमारापासून उंच इमारतींचा तळमजला खांबांवर मोकळा सोडायला सुरुवात केली. तिथे मलायी कुटुंबांची लग्ने लागतात, चिनी कुटुंबे मृताजवळ रात्र जागवतात, म्हातारे बुद्धिबळ मांडून बसतात. लग्न आणि मर्तिक दोन्ही ज्या जागेत सामावतात ती जागा ओसरीच. २००९ साली तिथे पन्नास मजल्यांचे सात मनोरे, १८४८ घरांचे, एकत्र उभे राहिले. सव्विसाव्या आणि पन्नासाव्या मजल्यांवर पूल टाकून सातांनाही जोडले आहे. उंचीवरही माणसांना पाय मोकळे करायला जागा देता येते, हे तिथे सरकारी घरांत सिद्ध झाले.

आणि आपल्याकडे? मुंबईच्या कंबाला हिलवर चार्ल्स कोरिया यांची ‘कांचनजंगा’ १९८३ साली पुरी झाली. अठ्ठावीस मजले, घरे अवघी बत्तीस. समुद्राचे वारे पश्चिमेचे, पण पश्चिमेलाच दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याचा उपाय शोधला होता. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून दुमजली उंचीच्या, झाडे लावलेल्या गच्चीच्या रूपाने प्रत्येक घराच्या कोपऱ्यात बसवला. ओसरी मनोऱ्यावर चढवता येते याचा याहून सुंदर पुरावा आपल्या देशात मला माहीत नाही. फक्त तो पुरावा बत्तीस श्रीमंत कुटुंबांपुरता आहे. कोरियांनाही हे ठाऊक असावे, कारण त्याच सुमारास त्यांनी नवी मुंबईत बेलापूर येथे साध्या माणसांसाठी आखलेली वसाहत बैठ्या आणि दुमजली घरांची आहे. काही घरांना मिळून एक चौक, काही चौकांना मिळून मोठी मोकळी जागा. दाट वस्तीसाठी मनोराच हवा असे नाही, हे त्यांनी बांधून दाखवले. पण वरळीसारख्या जागी, जिथे एकेका चाळीत ऐंशी कुटुंबे होती, तिथे उंचीवाचून गत्यंतर नव्हते हेही मान्य केले पाहिजे.

तेव्हा असा मनोरा आखायचाच असेल, तर मी काय मागेन? तळमजल्यावर फक्त दुकाने, आणि ती जुन्या रस्त्याच्या रेषेवर, ओट्यासकट; मोटारींची सोय मागे, भिंत रस्त्याकडे येऊ न देता. पहिल्या मजल्यावर डॉक्टर, शिंपी, शिकवण्या, बँक. म्हणजे जिथे माणूस मुद्दाम जिना चढून जातो ते व्यवसाय. दुकानांच्या छपरावर सामाईक गच्ची. तिथे बालवाडी, अभ्यासिका, पापड वाळत घालायला ऊन, मांडवाला जागा. त्यावर घरे. आणि दर चार मजल्यांना एक ओसरी: लिफ्टजवळ, पण पळण्याच्या वाटेतून बाजूला काढलेली, बाहेरच्या उजेडाकडे उघडी. मजल्यावर चार घरे धरली तर सोळा कुटुंबांना एक. सोळा कुटुंबांची नावे आणि आजार माणसाला माहीत राहतात. दोनशे कुटुंबांचे नुसते नंबर राहतात. घरटी पंचवीस चौरस फूट धरले तरी चारशे चौरस फुटांची, वीस फूट लांब आणि वीस फूट रुंद, अशी जागा होते. ही पंचवीस फुटे रहिवाशाच्या पाचशेतून कापू नयेत. चटईक्षेत्राच्या नियमातच ती मोजणीबाहेर धरावी. जिने आणि लिफ्टा यांना ज्या न्यायाने सवलत मिळते, त्याच न्यायाने ओसरीला मिळावी. आणि दुकानांच्या भाड्याचा एक वाटा कायमचा लिफ्ट, पंप, झाडलोट यांच्या नावे लिहून द्यावा. कारण चाळीची देखभाल दोन बादल्या पाण्याने होत असे. चाळीस मजल्यांची होत नाही. लिफ्ट बंद पडलेला मनोरा म्हणजे म्हाताऱ्यांचा कैदखाना.

या निकषांवर वरळीचे काय ठरते? घर म्हणून ती इमारत उत्तीर्ण झाली आहे, आणि शंभर वर्षांनी का होईना कामगारांच्या नातवंडांना दार लावून घेण्याचा हक्क मिळाला आहे. वस्ती म्हणून तिची परीक्षा आता सुरू होते. विक्रीच्या इमारतींतली मुले आणि पुनर्वसनाच्या इमारतींतली मुले एकाच मैदानात खेळतील का? सुरुवातीची वर्षे सरल्यावर देखभालीचा खर्च पेलेल, की घर विकून लोक कल्याण-बदलापूरकडे जातील? दिवाळीत तिसाव्या मजल्यावरचे फराळाचे ताट एकोणिसाव्या मजल्यावर लिफ्टने जाईल का? हा शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल. मला तो सर्वांत कठीण वाटतो. तळाशी किल्ला करायला मुलांना चार हात माती मिळते की नाही, यावरून मी त्या आराखड्याची पारख करीन.

आता दारव्ह्याचे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने बांधकामाची एकत्रित नियमावली मंजूर केली. बृहन्मुंबई आणि आणखी थोडी क्षेत्रे सोडली तर ती राज्यभर लागू आहे. पुण्या-नागपूरला जे पुस्तक, तेच आमच्या नगरपरिषदेला. रस्त्याची रुंदी किती, त्यावरून चटईक्षेत्र आणि उंची किती, हे आता इथेही त्याच कोष्टकातून ठरते. बाजारओळीतल्या घरांचे भाऊ पुण्याला, नागपूरला, परदेशी आहेत. वाटणी व्हायची आहे. कवेलू फुटले आहेत. पांढऱ्या मातीच्या भिंतींना वाळवी लागली आहे. अशा घराच्या दारात उद्या कोणीतरी गुळगुळीत कागदावरचे चित्र घेऊन येणार. ते चित्र मुंबईच्या चित्राची नक्कल असणार: काचेचा दर्शनी भाग, खाली मोटारी, वर फ्लॅट. इथला वैशाखातला पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, इथे पश्चिमेची काच म्हणजे भट्टीचे दार, हे त्या चित्रकाराच्या गावीही नसणार. दारव्ह्याला चाळीस मजल्यांची गरज नाही. चार मजल्यांत इथली सगळी निकड भागेल. चार मजल्यांवरून आईने मारलेली हाक अजून अंगणात ऐकू जाते.

म्हणून मुंबईच्या मनोऱ्यांची टीका आम्ही इथे बसून करायची. ती त्यांच्यासाठी नव्हे, आमच्यासाठी. नाटक पाहायला जाताना आपण परीक्षण वाचतो; घराच्या करारावर सही करताना मात्र फक्त चौरस फूट मोजतो. वाटणीच्या बैठकीला जमलेल्या भावांनी, आणि विशेषतः ज्यांना त्या बैठकीत चहा करण्यापुरते बोलावतात त्या वहिनींनी आणि बहिणींनी, चित्र घेऊन आलेल्या माणसाला तीन प्रश्न विचारावेत. दुकानाचा ओटा कुठे गेला? लिफ्ट बिघडली तर पैसे कोणाच्या खात्यातून? आणि आजीची बंगई कुठे टांगायची? तिन्हींची उत्तरे नकाशावर बोट ठेवून मिळाली तर खुशाल सही करा. नाही मिळाली, तर नकाशा परत पाठवा. घर पाडायला उशीर झाला तरी चालेल, पण एकदा बांधले की पुढच्या पिढीला ते परत पाठवता येणार नाही.